बँडमध्ये बेसचा टोन कसा लावायचा

खानापूर रोडवरच्या एका गावात गणपतीचा कार्यक्रम होता. तिसरं गाणं सुरू झालं आणि मिक्सरमागून साऊंडवाला हात हलवत ओरडला, "बेस जास्ती आयतु, स्वल्प कडिमे माडी!" म्हणजे बेस जास्त झाला, थोडा कमी करा. मी माझ्या बेस गिटारचा आवाज उतरवला. पुढच्या गाण्याला आमचा गायक मागे वळून म्हणाला, "दादा, बेस ऐकूच येईना की!"

त्या रात्री मला वाटलं, दोघांपैकी एकाचा कान बिघडलाय. दोघंही बरोबर होते हे नंतर कळलं. माझ्या बेसमधून गडगडाट भरपूर येत होता आणि सूर जवळजवळ येतच नव्हता. साऊंडवाल्याला गडगडाट खुपत होता, गायकाला सूर सापडत नव्हता. आवाजाचा नॉब एकच, त्यामुळे तो कुठेही फिरवला तरी एक जण नाराज होणारच.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात आज बेस वाजवणारी बरीच नवी पोरं आहेत. कुणी कॉलेजच्या बँडमध्ये, कुणी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात, कुणी भजनी मंडळाच्या फ्यूजनमध्ये. जवळपास सगळ्यांची हीच अडचण मी ऐकतो: घरी टोन जबरदस्त लागतो, स्टेजवर गेल्यावर गायब होतो. त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहितोय.

आधी थोडे आकडे

चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार, म्हणजे ई, मोकळी छेडली तर तिचा मूळ सूर सुमारे ४१ हर्ट्झवर (सेकंदाला ४१ कंपनं) असतो. ए तार ५५, डी सुमारे ७३ आणि जी ९८. पाच तारांचा बेस असेल तर खालची बी तार ३१ च्या आसपास. पण तार कधीच एकटा मूळ सूर देत नाही. ४१ सोबत ८२, १२४, १६५ अशी तिच्या उपस्वरांची रांग असते. मूळ सूर स्पीकरला पेलला नाही तरी या वरच्या रांगेवरून आपला कान खालचा सूर ओळखून घेतो. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरवरही बेसची चाल समजते ती यामुळेच.

घरी एकटे वाजवताना आपण बेसचा नॉब वर नेतो, मिड (मधला आवाज) खाली ओढतो, ट्रेबल (वरचा आवाज) थोडा चढवतो. ऐकायला मखमली लागतं. बँड सुरू झाला की खालचा भाग किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि ढोलकी खाते, वरचा भाग झांज आणि गिटार खाते. आणि जिथे बेसला मोकळी जागा मिळाली असती तो मधला भाग आपणच काढून टाकलेला असतो. बँडमधला बेस मिडवर उभा राहतो. खालचा लेख या एका गोष्टीभोवती आहे.

वाद्य आधी ठीक करा

ईक्यूला (आवाजाचे खालचे, मधले, वरचे भाग कमी-जास्त करणाऱ्या नॉबांना) हात लावण्याआधी तारा बघा. वर्षभर घामात भिजलेल्या तारांतून मधला आवाज निघतच नाही, मग कितीही नॉब फिरवा. नवा संच परवडत नसेल तर जुन्या तारा काढून दहा मिनिटं पाण्यात उकळा, कोरड्या फडक्याने नीट पुसा आणि पूर्ण वाळल्यावर लावा. काही आठवडे तरी त्या पुन्हा बोलतात. रोज वाजवून झाल्यावर तारा पुसायची सवय मात्र उकळण्यापेक्षा जास्त उपयोगाची. जुनी सिनेगीतं आणि भावगीतं जास्त असतील तर गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा छान बसतात, रॉक आणि नवी गाणी असतील तर खरखरीत राउंडवाउंड.

आपल्याकडे पावसाळा हा बेसच्या मानेचा शत्रू. खानापूरकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की लाकूड फुगतं, मान हलते आणि गणपतीच्या तोंडावरच तारा फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) खडखडायला लागतात किंवा बोटांना लांब जातात. तपासायची सोपी रीत अशी: ई तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने दाबा, शेवटच्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने. आता सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढीच फट हवी, म्हणजे ०.३ मिलिमीटरच्या आसपास. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली धातूची सळई) घड्याळाच्या दिशेने आवळायचा, फटच नसेल तर उलट सैल करायचा. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा कमी, आणि परत तपासायचं. जोर लागतोय असं वाटलं तर थांबा आणि जाणकाराकडे न्या. मोडलेला ट्रस रॉड दुरुस्त करणं फार महागात पडतं.

बाराव्या फ्रेटवर ई तारेची उंची अडीच मिलिमीटर आणि जी तारेची दोन, इथून सुरुवात करा. पिकअप (तारांखालचं चुंबक, जे तारेची थरथर पकडतं) तारांच्या फार जवळ असेल तर आवाज मोठा येतो पण फुगलेला, शिवाय चुंबक तारेला ओढतं आणि सूर डगमगतो. शेवटचा फ्रेट दाबून तार आणि पिकअप यांत दोन ते तीन मिलिमीटर ठेवा. चारही तारा सारख्याच जोराने छेडल्यावर सारख्याच ऐकू येतात का, हा खरा निकष. एखादी दबत असेल तर त्या बाजूचा स्क्रू फिरवून पिकअप किंचित वर घ्या.

दोन पिकअपच्या जॅझ बेसवर (फेंडर कंपनीचं मॉडेल) बहुतेक जण दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे ठेवतात. अशाने मधला आवाज थोडा पोकळ होतो. एक पिकअप थोडा कमी करून बघा. मागचा जास्त ठेवला तर गुरगुरणारा, नेमका सूर येतो. पुढचा जास्त ठेवला तर गोलाई येते. याची किंमत म्हणजे थोडी विजेची गुणगुण वाढते, कारण दोन्ही सारखे उघडे असतानाच ते एकमेकांची गुणगुण मारतात. फेंडरच्याच प्रिसिजन बेसचा पिकअप १९५७ पासून दोन तुकड्यांचा आहे आणि तो तशी गुणगुण आपोआपच दाबतो. त्याचा टोन नॉब अर्ध्यावर ठेवून सुरुवात करा.

हात

पैसे न लागणारा सर्वांत मोठा ईक्यू म्हणजे उजवा हात. मानेजवळ छेडलं तर जाड आणि धूसर, ब्रिजजवळ (तारा मागे जिथे अडकतात तिथे) छेडलं तर कडक आणि स्पष्ट. गाणं सुरू असताना हात चार बोटं मागे सरकवला तर बहुतेक वेळा मिक्सरकडे बघायचीच गरज पडत नाही. जोरही तपासा. उत्साहात तार इतकी ओढली जाते की ती फ्रेटवर आपटते, खडखड जास्त येते आणि सूर कमी. अ‍ॅम्प थोडा वाढवा आणि बोटं हलकी करा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे सूर कुठे थांबवायचा. नवे वादक सूर सुरू कसा करायचा ते शिकतात, बंद कसा करायचा ते शिकत नाहीत. केहरव्यात ढोलकीची थाप पडते त्या क्षणी मागचा बेस सूर अजून रेंगाळत असेल तर दोन्ही गढूळ होतात. डाव्या हाताचं बोट फ्रेटवर तसंच ठेवून नुसता दाब सोडा, सूर थापेच्या आधी बंद होईल. न वाजणाऱ्या तारांवर उजव्या हाताचा अंगठा टेकवून ठेवा, नाहीतर त्या आपोआप थरथरत राहतात.

जुन्या गाण्यांना हवा असलेला आखूड, 'टुम' असा आवाज मिळवायला भांडी घासायचा मऊ स्पंज कापून ब्रिजजवळ तारांखाली सरकवा. त्याची पट्टी दोन बोटं रुंद पुरे, तारांना फक्त स्पर्श व्हावा, दाब नको. हे मी स्वयंपाकघरातून शोधून काढलेलं नाही. फेंडरच्या सुरुवातीच्या बेसमध्ये ब्रिजच्या झाकणाखाली असाच फोम येत असे. लावण्या आणि साठ-सत्तरच्या दशकातली गाणी असतील तेव्हा माझा स्पंज बॅगेतच असतो.

वायर, डीआय आणि गेन

आपल्या भागातल्या बहुतेक कार्यक्रमांत बेसला वेगळा अ‍ॅम्प मिळत नाही. वायर सरळ मिक्सरमध्ये. पॅसिव्ह (बॅटरी नसलेला) बेस असा मिक्सरच्या लाइन इनपुटला जोडला की आवाज मेल्यासारखा येतो. कारण पिकअपला पलीकडे सुमारे १० लाख ओहमचा अडथळा हवा असतो आणि मिक्सरच्या लाइन इनपुटचा असतो बहुतेक वेळा दहा-वीस हजार ओहम. वरचे उपस्वर तिथेच गिळले जातात. एक डीआय बॉक्स (बेस आणि मिक्सर यांच्यामध्ये लावून हा अडथळा जुळवणारी छोटी पेटी) स्वतःच्या बॅगेत ठेवा. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या बेसवाल्याने पेडल घेण्याआधी हाच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

गेन (मिक्सरमध्ये शिरणाऱ्या आवाजाची पातळी) लावताना साऊंडवाल्याला हळू वाजवून दाखवू नका. कार्यक्रमातल्या सर्वांत जोराच्या गाण्यात जसं वाजवाल तसं वाजवा. लाल दिवा लागतोय तिथून गेन मागे घ्या. डिजिटल मिक्सर असेल तर जोराच्या ठोक्याला उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या.

बँड वाजत असताना ईक्यू

सगळे नॉब मध्यावर आणा. आता एकट्याने वाजवून काहीही ठरवू नका. ऑक्टापॅड (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक पॅड) किंवा ड्रमवाल्याला किक द्यायला सांगा आणि त्यावर एकच साधी चाल वाजवत राहा.

४० ते ८० हर्ट्झमध्ये वजन असतं, ते छातीला जाणवतं. ८० ते १६० मध्ये अंग असतं. २०० ते ३०० च्या आसपास आवाज घोगरा आणि कोंदट होतो, मंगल कार्यालयात तर हमखास. ४०० ते ८०० मध्ये सुराची ओळख असते, हा कुठला सूर हे कानाला तिथे कळतं. हजाराच्या आसपास बोटाची थाप. अडीच हजारांच्या वर तारेची खरखर.

फिरता मिड (कुठला हर्ट्झ उचलायचा ते बदलता येणारा नॉब) असेल तर तो ६ डेसिबल वर करा आणि बँड वाजत असतानाच २०० पासून हळूहळू वर सरकवा. एका ठिकाणी आवाज पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखा किंवा गळा दाबल्यासारखा येईल. ती जागा लक्षात ठेवा आणि तिथे ३ डेसिबल कमी करा. पुढे एका ठिकाणी प्रत्येक सूर उच्चारल्यासारखा स्पष्ट होईल, बहुतेक ५०० ते ८०० मध्ये. तिथे २-३ डेसिबल वाढवा. आता एकटे वाजवून बघितलंत तर टोन थोडा नाकातला वाटेल. वाटू द्या, त्याला हात लावू नका.

बऱ्याच लहान मिक्सरवर मिड नॉब २.५ किलोहर्ट्झला पक्का बांधलेला असतो. बेसच्या सुराला त्याचा उपयोग नाही, खरखर कमी करायला तेवढा होतो. अशा वेळी मिडचं काम पेडलवर किंवा बेसच्या स्वतःच्या प्रीअ‍ॅम्पवर करा. त्याच मिक्सरवर चॅनेलला लो कट (खालचे सूर कापणारं) बटण असतं, ७५ ते १०० हर्ट्झच्या आसपास. बेसवाले त्याला भितात. पत्र्याच्या मांडवात किंवा फरशीच्या हॉलमध्ये घूं-घूं थांबत नसेल तर ते दाबून बघा. मूळ सूर पातळ होतो, उपस्वर राहतात, आणि कान सूर ओळखतोच. वर सांगितलेल्या खानापूर रोडवरच्या मांडवात मला याचीच गरज होती.

किक आणि ढोलकी

तळघरात, म्हणजे सर्वांत खालच्या सुरांत, एकच जण राहू शकतो. आजकाल ऑक्टापॅडमध्ये भरलेल्या किकचे आवाज इतके जड असतात की ६० हर्ट्झचा सगळा भाग तेच व्यापतात. तसं असेल तर बेसचं अंग १०० च्या वर ठेवा आणि ६० थोडा उतरवा. किक कोरडी, नुसती 'टक' अशी असेल किंवा साथीला फक्त ढोलकी-तबला असेल तर तळ बेसने घ्यावा. पण डग्ग्याचा घुमारा बेसच्या ए तारेच्या शेजारीच राहतो आणि तो मींड घेत हलतो. त्याच्याखाली लांब सूर धरला तर दोघांची कुस्ती होते. सूर आखूड ठेवा, डग्ग्याला गाऊ द्या.

हे ऑक्टापॅडवाल्याशी बोलून ठरवा. "मामा, ह्या गाण्याला हलकी किक लावा की" एवढं म्हणायला दहा सेकंद लागतात, आणि त्याने होणारा फरक दोन तास नॉब फिरवून होत नाही.

कीबोर्डचा डावा हात

बेस नसलेल्या ऑर्केस्ट्रात वर्षानुवर्षं वाजवलेले कीबोर्डवाले डाव्या हाताने बेस धरतात. सवयच असते. कीबोर्डच्या तयार स्टाइलमध्येही (आत भरलेल्या साथीतही) बेसचा ट्रॅक आत असतो. म्हणजे एका गाण्यात तीन-तीन बेस. मग मिक्सरवर काहीही करा, चिखलच. मानाने विनंती करा: "अण्णा, डावा हात मधल्या सी च्या वर ठेवाल का, आणि स्टाइलमधला बेस बंद कराल?" वयाने मोठे असतील तर रिहर्सलच्या आधी चहाला बोला, सगळ्यांसमोर स्टेजवर बोलू नका. आमच्याकडे या एका बदलाने जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याही पेडलने पडला नाही.

पट्टी

परदेशी बेसच्या व्हिडिओंत हे कुणी सांगत नाही, कारण त्यांना ही अडचण नसते. हार्मोनियमच्या पट्ट्यांच्या भाषेत बेसच्या मोकळ्या तारा म्हणजे पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच. आपले गायक गातात काळी एकमध्ये, काळी चारमध्ये, काळी पाचमध्ये. तिथे मोकळी तार जवळपास मिळत नाही. घरी ई आणि ए मध्ये सराव करून टोन ठरवला असेल तर तो मोकळ्या तारांचा टोन असतो. काळी चारचा सा ई तारेच्या चौथ्या फ्रेटवर, सुमारे ५२ हर्ट्झ. काळी एकचा सा ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर, ६९ च्या आसपास. दाबलेल्या सुराचा रंग मोकळ्या तारेपेक्षा गडद आणि आखूड असतो. म्हणून गायकाच्या पट्टीतच टोन लावा.

कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण दाबून सी च्या बोटांनी काळी एक वाजवतो, आणि "सी मध्ये आहे" असं सांगतो. पट्टी गायकाला विचारा. साथीला जुनी हार्मोनियम असेल तर ट्यूनरवर विसंबू नका, तिच्या पट्ट्या थोड्या उतरलेल्या किंवा चढलेल्या असू शकतात. तिचा सा धरायला सांगा आणि बेस त्याला मिळवा. सुळेभावीत कुमार गंधर्वांचा जन्म झाला तो हा जिल्हा. समोर बसलेल्या आजोबांना बेसुर बेस लगेच कळतो, भले त्यांना बेस म्हणजे काय ते माहीत नसो.

कॉम्प्रेसर (जोराचे सूर आपोआप दाबणारं यंत्र) असेल तर ४ ला १, अटॅक (दाबायला लागेपर्यंतचा वेळ) २०-३० मिलिसेकंद, आणि जोराच्या सुरालाच ३ ते ५ डेसिबल खाली येईल इतपत. हात सारखा असेल तर नसला तरी चालतं.

जागा

४१ हर्ट्झच्या लाटेची लांबी आठ मीटरच्या वर जाते. त्यामुळे अगदी शेजारी उभं राहून अ‍ॅम्पचा खालचा भाग कसा आहे ते तुम्हाला कळूच शकत नाही. एका कोपऱ्यात गडगडाट, चार पावलं पुढे काहीच नाही, असं होतं. साउंड चेकला लांब वायर जोडून खुर्च्यांच्या मधोमध उभं राहून वाजवा. ते जमत नसेल तर कुणालातरी एकच चाल वाजवायला बसवा आणि स्वतः खाली उतरा. मोबाइलवर पंधरा मीटरवरून रेकॉर्ड करा: त्यात तुमची चाल गुणगुणता आली तर मिड जमला. खालचं वजन मात्र मोबाइलवरून ठरवू नका, त्याला ते पकडता येत नाही. अ‍ॅम्प मिळाला असेल तर लाकडी पोकळ स्टेजवर ठेवू नका. खुर्चीवर ठेवा, कानाजवळ येतो आणि स्टेज गुरगुरायचं थांबतं.

गुणगुण येत असेल तर आधी डीआयवरचं ग्राउंड लिफ्ट (सिग्नलच्या वायरीतली ग्राउंडची जोडणी तोडणारं बटण) दाबा, मग बेस लाइटिंगच्या डिमरपासून लांब न्या. जनरेटरवर चालणाऱ्या कार्यक्रमात अर्थिंग आहे का ते विचारा. गुणगुण घालवायला प्लगची अर्थ पिन काढणारे लोक मी पाहिलेत. एकदा ओल्या मांडवात आमच्या गायिकेच्या ओठाला माईकचा झटका बसला, तेव्हापासून अशा ठिकाणी मी वायर लावत नाही. तुम्हीही लावू नका.

टोन जमला की नॉबांचा फोटो काढा आणि त्याखाली जागा, पट्टी, किक जड की हलकी, लो कट दाबला होता का, एवढं लिहून ठेवा. अ‍ॅक्टिव्ह बेस असेल तर कार्यक्रम संपल्यावर जॅक काढूनच बॅगेत भरा, नाहीतर ९ व्होल्टची बॅटरी रात्रभर उतरत राहते. एक नवी बॅटरी स्पंजशेजारीच ठेवा.